पॅरिसच्या गटारांचं म्युझियम आणि आपल्या अंगणातली टाकी

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी कापली आहे, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलंय.)



एक गोष्ट आधीच सांगतो, हा भाग जेवताना ऐकू नका. ताटावर बसला असाल तर पॉज करा, हात धुवा आणि मग या. आजचा विषय आहे गटार. त्यातही गटारांचं म्युझियम. हो, असं म्युझियम खरंच आहे, आणि लोक तिकीट काढून ते बघायला जातात.

पण आपण नुसतं फिरायला जाणार नाहीये. पॅरिसमधून मुंबईत आणि मुंबईतून थेट कर्जत-खालापुरात उतरणार आहोत. कारण फ्लशचं बटण दाबल्यावर ते सगळं जातं कुठे, हा प्रश्न पॅरिसने आपल्या लोकांना दाखवण्यासारखा मानला. आपल्या दोन तालुक्यांत हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आणि न विचारण्याची किंमत दोघं जण मोजतात: नदीच्या खालच्या अंगाला राहून तेच पाणी पिणारा, आणि आपली टाकी साफ करायला आत उतरणारा.

जमिनीखालचं पॅरिस

सीन नदीच्या डाव्या काठावर, आल्मा पुलाजवळ या म्युझियमचा दरवाजा आहे. आत शिरलं की पायऱ्या उतरायच्या आणि थेट चालू गटारांच्या बोगद्यात यायचं. म्हणजे मॉडेल वगैरे नाही, बाजूने खरं सांडपाणी वाहत असतं. वासही खराच. २०१८ ते २०२१ दुरुस्तीसाठी ते बंद होतं, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडलं.

आता गंमत बघा. ही गटारं लोकांना दाखवायची कल्पना आजची नाही. १८६७ साली पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, तेव्हापासून या सहली सुरू झाल्या. लोकांना छोट्या गाड्यांत आणि होड्यांत बसवून शहराच्या पोटातून फिरवायचे. चांगल्या घरातले लोक, ठेवणीतले कपडे घालून, गटार बघायला!

का बरं दाखवावंसं वाटलं असेल? कारण त्याआधीची पन्नास वर्षं फार वाईट गेली होती. १८३२ च्या कॉलऱ्यात एकट्या पॅरिसमध्ये अठरा हजारांहून जास्त माणसं गेली. नेपोलियनच्या काळात ब्रूनेझो नावाच्या माणसाने पहिल्यांदा गटारांत उतरून त्यांचा नकाशा केला, तोपर्यंत कुठे काय आहे हे धड कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर जुना कोडबेस, डॉक्युमेंटेशन शून्य, आणि लिहिणारे सगळे कधीच सोडून गेलेले. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'मध्ये नायक एका जखमी मुलाला खांद्यावर घेऊन गटारातून पळतो, ती पॅरिसची ही जुनी गटारं.

मग १८५० च्या दशकात यूजेन बेलग्राँ नावाचा इंजिनिअर आला. त्याने सगळं पुन्हा आखलं. १८७८ पर्यंत सुमारे ६०० किलोमीटर गटारं झाली होती, आज ती साधारण २,६०० किलोमीटर आहेत.

मला यातल्या दोन गोष्टी फार आवडतात.

पहिली म्हणजे पाट्या. वर जो रस्ता, त्याच नावाची पाटी खाली त्याच्या गटारात लावलेली असते. म्हणजे जमिनीखाली पॅरिसची अख्खी दुसरी प्रत आहे, पत्त्यासकट. वर कुणाची अंगठी मोरीत पडली, तर खाली नेमकं कुठे शोधायचं ते सांगता येतं.

दुसरी म्हणजे गोळा. सीन नदीच्या खालून गटार पलीकडे न्यायला वाकडा पाइप आहे, त्यात गाळ बसतो. तिथे माणूस जाऊ शकत नाही. मग काय करायचे, तर पाइपच्या व्यासापेक्षा किंचित लहान असा मोठा गोळा आत सोडायचे. मागचं पाणी तुंबतं, त्याचा दाब वाढतो, गोळ्याच्या आणि पाइपच्या मधल्या फटीतून पाणी जोरात सुटतं आणि पुढचा गाळ खरवडून नेतं. गोळा आपोआप पुढे सरकत राहतो. मोटर नाही, वीज नाही, सफाई करतं ते पाणीच. हे गोळे म्युझियममध्ये ठेवलेत.

आणि तिथे काम करणाऱ्या कामगारांचे बूट, दिवे, अवजारंसुद्धा ठेवलीत. ते पालिकेचे नोकर आहेत, कामाच्या धोक्यामुळे त्यांना इतरांपेक्षा लवकर निवृत्ती मिळते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गटार चालतं कशावर?

उतारावर. बस्स. शहरातलं गटार म्हणजे मुळात एक घसरगुंडी. पाणी जास्त हळू गेलं की घाण तळाला बसते, म्हणून पाण्याचा वेग निदान सेकंदाला दोन फुटांच्या आसपास राहील असा उतार द्यायचा. इंजिनिअर याला पाइपने स्वतःला स्वच्छ ठेवण्याचा वेग म्हणतात.

आपल्या घरातल्या चार इंची पाइपला साधारण ४० ते ६० फुटांमागे एक फूट उतार लागतो. आता भोर घाट आठवा. कर्जतला मागून इंजिनं लावून गाड्या वर ढकलतात, तो घाट सदतीस फुटांना एक फूट चढतो. म्हणजे तुमच्या संडासाच्या पाइपचा उतार हा जवळजवळ घाटाइतका असावा लागतो! मिस्त्रीने तो नजरेच्या अंदाजाने दिला की पुढे पंचवीस वर्षं तुंबण्याची तक्रार.

पाइप जसे लांब जातात तसे खोल खोल जातात. एका मर्यादेनंतर खोदणं परवडत नाही, मग पंपाने मैलापाणी वर उचलायचं आणि पुन्हा उतार सुरू करायचा. लंडनचं क्रॉसनेस पंपिंग स्टेशन १८६५ मध्ये याचसाठी उघडलं. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी नासली होती की नदीकाठच्या पार्लमेंटमध्ये बसवेना, तेव्हा कुठे बॅझलजेट या इंजिनिअरला पैसे मिळाले. वास साहेबांच्या नाकापर्यंत गेला की बजेट पास होतं, हा नियम तेव्हापासूनचा आहे.

मुंबई: आहे मोठं, दिसत नाही

आपल्याकडे वरळीला लव्हग्रोव्ह पंपिंग स्टेशन आहे. कधी ॲनी बेझंट रोडवरून गेलात तर त्याच्या शेजारूनच गेलाय. मुंबईची मलनिस्सारण व्यवस्था सात विभागांत आहे: कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर. जमिनीखाली सुमारे दोन हजार किलोमीटर मलवाहिन्या. वरळी आणि वांद्र्याहून मैलापाणी गाळून समुद्राखालच्या बोगद्यांतून साडेतीन किलोमीटरच्या आसपास आत नेऊन सोडतात. 'गाळून' हा शब्द नीट ऐका. कचरा आणि वाळू काढली जाते, पाणी शुद्ध होत नाही. पूर्ण प्रक्रिया करणारी सात नवी केंद्रं आता बांधली जातायत, सगळ्यांची मिळून क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर.

एवढा मोठा पसारा, पण त्याचं म्युझियम नाही. बसचं आहे, बेस्टने आणिक आगारात केलंय. नोटा-नाण्यांचं आहे, रिझर्व्ह बँकेचं. दिल्लीत सुलभ इंटरनॅशनलचं शौचालयांचं म्युझियम आहे, १९९२ मध्ये बिंदेश्वर पाठकांनी सुरू केलेलं. तिथे फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सिंहासनवजा कमोडची प्रतिकृतीसुद्धा आहे. पण ते भांड्याचं म्युझियम झालं. भांड्याखाली पुढे काय होतं, ते दाखवणारं आपल्याकडे काही नाही.

आणि मुंबईत निदान पाइप तरी आहे. आता घाटाच्या पायथ्याशी या.

कर्जत-खालापूर: इथे पाइप नाही, टाकी आहे

आपल्या या दोन तालुक्यांत बहुतेक घरांचं मैलापाणी कुठल्या मोठ्या गटारात जात नाही. ते घराखालच्या नाहीतर अंगणातल्या सेप्टिक टाकीत जातं. गावठाणातलं घर असो, नेरळची नवी बिल्डिंग असो, खोपोलीची चाळ असो की चौकजवळचं स्विमिंग पूलवालं फार्महाऊस. प्रत्येकाची आपापली टाकी. म्हणजे पॅरिसमध्ये शहराचं एक म्युझियम, आणि आपल्याकडे घराघरात एकेक, फक्त गाइड नाही आणि पाटीही नाही.

आता भूगोल. आपल्याकडून दोन मोठ्या नद्या निघतात. उल्हास राजमाचीच्या दरीतून खाली येते, कर्जत, नेरळवरून बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते. पाताळगंगा खोपोलीहून निघते, खालापूर, रसायनीवरून धरमतरच्या खाडीकडे जाते.

या नद्या उन्हाळ्यात वाहतात त्याचं कारण टाटांची वीजगृहं. खोपोलीचं १९१५ मधलं, भिवपुरीचं १९२२ मधलं. घाटावर अडवलेलं पाणी पाइपातून खाली सोडायचं, वीज करायची, आणि ते पाणी खाली नदीला द्यायचं. म्हणून पाताळगंगेला आणि पेज नदीला मे महिन्यातही पाणी असतं, राजनाल्यावर उन्हाळी भात होतो. पण याचा दुसरा परिणाम असा की नदी वाहती दिसते, आणि वाहत्या नदीत टाकलेलं पाच मिनिटांत नजरेआड होतं. नजरेआड झालं, संपलं नाही.

कारण पुढे कोण आहे बघा. बदलापूरच्या बॅरेजवर उल्हासचं पाणी उचलतात, बदलापूर-अंबरनाथ ते पितात. पाताळगंगेतून न्हावा-शेवा योजनेचं पाणी उचललं जातं, ते पनवेलकडे जातं. आणि खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण तर नवी मुंबई महापालिकेच्याच मालकीचं आहे. म्हणजे आपण नुसते घाटाखालचे दोन तालुके नाही आहोत. लाखो लोकांच्या माठाच्या वर आपण बसलोय.

आणि शनिवारी या लाखोंमधलेच काही जण सेकंड होमला येतात, आपल्याकडे फ्लश करतात, आणि सोमवारी घरी जाऊन नळ उघडतात. हे वर्तुळ मी मुद्दाम काढून दाखवतोय, कारण 'लोकल लोकांचा प्रॉब्लेम' आणि 'बाहेरच्यांचा प्रॉब्लेम' अशी भांडणं आपल्याकडे खूप होतात. पाण्याला हे भांडण माहीत नाही.

टाकीच्या आत काय चालतं?

चांगली सेप्टिक टाकी म्हणजे दोन कप्प्यांची बंद पेटी. पहिला कप्पा मोठा, साधारण दोन तृतीयांश. दुसरा लहान. मैलापाणी आत येतं आणि तिथे एक-दोन दिवस स्वस्थ पडून राहतं. जड ते खाली बसतं, तो गाळ. हलकं आणि तेलकट ते वर येतं, तो तवंग. मधे त्यातल्या त्यात नितळ पाणी राहतं, आणि बाहेर जाणारा पाइप टी-आकाराचा असतो तो एवढ्यासाठी, की फक्त हे मधलं पाणीच पुढे जावं. तळाच्या गाळाला हवेशिवाय जगणारे जिवाणू हळूहळू खातात, त्यातून गॅस तयार होतो. म्हणून तो उंच व्हेंट पाइप.

आता महत्त्वाचं. टाकीतून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं. त्यात रोगजंतू असतात. निम्मं काम टाकी करते, उरलेलं निम्मं माती करते. म्हणून ते पाणी शोषखड्ड्यात जायला हवं, जिथे ते मातीतून झिरपत झिरपत गाळलं जातं. भारतीय मानकाप्रमाणे हा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर लांब हवा. तुमचा किती लांब आहे? बोअरवेल मारताना कुणी मोजलं होतं का?

आणि आपल्याकडे मातीचीच अडचण आहे. वर थोडी माती, मग मुरूम, मग कातळ. पावसाळ्यात तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस. जुलैत जमीन इतकी प्यालेली असते की शोषखड्डा शोषतच नाही, उलट पाणी वर फेकतो. २००५ आणि २०२१ च्या जुलैत पूर आला तेव्हा नदी घरात शिरली एवढंच आपण बोललो. घरातली टाकीही त्याच वेळी नदीत गेली, ते कुणी बोललं नाही.

आता एक वाक्य, जे तुम्ही नक्की ऐकलं असेल. मिस्त्री म्हणतो, "काळजी नको शेठ, कधी भरणार नाही अशी टाकी बांधून देतो."

आणि मालक खूश होतो. पुढे तोच पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, "आमची टाकी पंधरा वर्षांत एकदाही उपसली नाही."

मंडळी, हिशेब करू. माणशी वर्षाला ढोबळ ४० ते ७५ लिटर गाळ टाकीत साठतो. पाच माणसांचं घर, म्हणजे वर्षाला २०० ते ३७५ लिटर. दोन हजार लिटरची टाकी असेल तर दोन-तीन वर्षांत तिचा तिसरा हिस्सा गाळाने भरणार. म्हणूनच दोन-तीन वर्षांनी उपसा असं सांगतात. मग पंधरा वर्षं न भरणाऱ्या टाकीतला गाळ गेला कुठे?

उत्तरं दोनच. एक, टाकीचा तळ उघडा आहे, नाहीतर भिंतीतून पाणी गळतंय, आणि सगळं जमिनीत मुरतंय, म्हणजे शेजारच्या विहिरीत. दोन, टाकी केव्हाच गाळाने भरलीये आणि आता येणारा मैला जसाच्या तसा पुढे जातोय, मागच्या ओहोळात. आमच्या धंद्यात याला सायलेंट फेल्युअर म्हणतात. सर्व्हरची डिस्क भरली, पण अलार्म बंद आहे, डॅशबोर्ड हिरवा आहे. न भरणारी टाकी ही चांगली टाकी नाही, ती बिघडलेली टाकी आहे. या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

फार्महाऊस आणि रिसॉर्टवाल्यांसाठी आणखी एक. तुमची टाकी सोमवार ते शुक्रवार माळी आणि त्याची बायको अशा दोन माणसांची असते, आणि शनिवारी वीस जणांची. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरा, तेच आपलं सरकारी प्रमाण आहे. वीस माणसांचं २,७०० लिटर. न्हाणीघराचं पाणीही त्याच टाकीत सोडलं असेल आणि टाकी तीन हजार लिटरची असेल, तर एक-दोन दिवस थांबायचं पाणी एका दिवसाच्या आत बाहेर ढकललं जातं, आणि जाताना तळाचा गाळही ढवळून सोबत नेतं. सरासरीवर बांधलेली सिस्टिम गर्दीच्या दिवशी पडते. आयपीएलच्या फायनलला ॲप पडतात, तसंच.

टाकीत माणूस का मरतो

आता पॅरिसच्या त्या कामगारांचे बूट आठवा, जे काचेच्या कपाटात ठेवलेत.

आपल्याकडे टाकी साफ करताना किंवा गटारात उतरून माणसं मेल्याची बातमी दरवर्षी येते, पुन्हा पुन्हा येते. आणि बातमीत बहुतेक वेळा एक नाही, दोन-तीन जण असतात. कारण समजून घ्या.

बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड नावाचा गॅस साठतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण प्रमाण वाढलं की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. म्हणजे वास गेला असं वाटतं, माणूस म्हणतो चला गॅस निघून गेला, आणि उतरतो. आणखी जास्त प्रमाणात असेल तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. गाळ शांत असेपर्यंत कमी असतो, ढवळला की एकदम सुटतो. सोबत मिथेन असतो, तो पेट घेतो. म्हणून काडी पेटवून गॅस आहे का बघायची जुनी पद्धत म्हणजे आत्महत्या आहे.

पहिला पडतो. दुसरा त्याला चक्कर आली म्हणून काढायला उतरतो, तोही पडतो. तिसरा, बहुतेक वेळा भाऊ किंवा मुलगा, धावत येतो. कुणीही मूर्ख नसतो. ते माणूस वाचवायला गेलेले असतात.

कायदा काय सांगतो? २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत सफाईसाठी माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हे फक्त नगरपरिषदेला लागू नाही. 'कोणतीही व्यक्ती' असा शब्द आहे. म्हणजे बंगल्याचा मालक, सोसायटीचा सेक्रेटरी, तुम्ही, मी. सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी कुटुंबाला दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती तीस लाख केली.

आणि हेही बोलायला हवं की आत कोण उतरतं हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरत आलंय. "त्यांना सवय असते" हे वाक्य मी शिकल्या-सवरल्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. हायड्रोजन सल्फाइडची सवय कुणालाही होत नाही. रसायनशास्त्र जात बघत नाही. आपण बघतो.

मग दुसरं काय करता येतं? वाई आणि सिन्नर

प्रत्येक छोट्या गावात पॅरिससारखी गटारं खणणं परवडणारं नाही, आणि गरजेचंही नाही. टाकी वाईट नसते, तिची देखभाल नसते.

सातारा जिल्ह्यातल्या वाईने आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने काय केलं बघा. तिथेही घरोघरी सेप्टिक टाक्याच आहेत. आधी आपल्यासारखंच, टाकी ओसंडली की फोन. मग नगरपरिषदेने ठरवलं की तुंबायची वाट बघायची नाही. शहरातली प्रत्येक टाकी दर तीन वर्षांनी पाळीपाळीने उपसायची, आज या गल्लीची, उद्या त्या गल्लीची. वाईत हे २०१८ मध्ये सुरू झालं. काम ठेकेदाराकडे, पैसे किती टाक्या उपसून गाळ केंद्रावर पोचवला त्यावर. घरमालकाला तेव्हा वेगळे पैसे नाहीत, वर्षाच्या छोट्या स्वच्छता करातून खर्च निघतो. आणि उपसलेला गाळ दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रात जातो.

यात मला सगळ्यात हुशारीची वाटते ती शेवटची कडी. गाडीवाल्याला गाळ पोचवल्याचे पैसे आहेत, म्हणून तो वाटेत नाल्यात ओतत नाही. आपल्याकडे गाडीवाल्याला टाकी रिकामी केल्याचे पैसे मिळतात, पुढे गाळ कुठे टाकला ते विचारायला कुणी नाही. माणसं तीच, गाडी तीच, फक्त पैसे कुठल्या टोकाला मिळतात एवढाच फरक. इन्सेंटिव्ह म्हणतात तो हाच.

वाई कृष्णेकाठी आहे, आपण उल्हास-पाताळगंगेकाठी. गावाचा आकारही फार वेगळा नाही. त्यामुळे 'आपल्याकडे शक्य नाही' हे मला पटत नाही.

तुम्ही या रविवारी करण्यासारखं

यादीच देतो, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. तुमच्या टाकीचं झाकण शोधा. अर्ध्या लोकांना ते टाइल्सखाली गेलंय हेही माहीत नसतं. सापडलं की घराच्या नकाशावर खूण करा. पॅरिसच्या पाट्यांसारखी तुमची पहिली पाटी.

२. बाहेर जाणारा पाइप कुठे जातो ते बघा. शोषखड्ड्यात की ओहोळात? ओहोळात असेल तर ते उल्हास किंवा पाताळगंगेत, हे गृहीत धरा.

३. शेवटचं कधी उपसलं ते लिहून ठेवा आणि तीन वर्षांनंतरचा रिमाइंडर लावा. नवीन घर घेत असाल तर बिल्डरला हे दोन्ही प्रश्न विचारा. मॉड्युलर किचनबद्दल वीस प्रश्न विचारतो आपण, टाकीबद्दल एक तरी विचारू.

४. उपसायला सक्शनची गाडीच बोलवा, आणि ठरवतानाच विचारा: गाळ कुठे रिकामा करणार? पावतीवर लिहून मागा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर अकराव्याला उत्तर तयार मिळतं.

५. काहीही झालं तरी माणूस आत उतरू देऊ नका. "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणाले तरी नाही. कुणी आत पडलंच तर मागोमाग उतरू नका. ११२ ला फोन करा, झाकणं उघडून हवा जाऊ द्या, जवळपास विस्तव किंवा सिगारेट नको. टाकी-गटाराच्या धोकादायक सफाईबद्दल कळवायला १४४२० ही हेल्पलाइन आहे.

६. नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या सभेत एकच प्रश्न विचारा: आपल्या हद्दीतल्या टाक्यांचा गाळ शेवटी कुठे जातो? उत्तर नसेल तर ते इतिवृत्तात नोंदवायला सांगा.

सहावा मुद्दा छोटा वाटतो, पण पॅरिसमध्येही सुरुवात तिथूनच झाली. ब्रूनेझोने आधी एक वीट नवीन बसवली नाही. त्याने फक्त काय कुठे आहे ते लिहून काढलं. बेलग्राँ त्यानंतर पन्नास वर्षांनी आला.

कर्जत-खालापुरात म्युझियम व्हावं का? झालं तर मला आवडेल, आणि त्याला फार पैसेही लागणार नाहीत. एखाद्या शाळेत काचेची दोन कप्प्यांची टाकी ठेवा, म्हणजे गाळ, तवंग आणि मधलं पाणी मुलांना दिसेल. भिंतीवर दोन नद्यांचा नकाशा काढा, आपल्या गावावर एक लाल टिंब, आणि तिथून बदलापूर, पनवेलपर्यंत बाण. शेजारी सक्शन गाडी चालवणाऱ्या माणसाला एक दिवस बोलवा, खुर्ची द्या, आणि त्याला बोलू द्या. त्याला जे माहीत आहे ते आपल्यापैकी कुणालाच माहीत नाही.

तर मंडळी, आज एवढंच. झाकण सापडलं तर कळवा, नाही सापडलं तर आधी कळवा. आणि हा भाग सोसायटीच्या किंवा गावाच्या ग्रुपवर टाका, सकाळच्या सुविचारांमध्ये चालून जाईल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.